छत्री आधी उन्हाची होती, पावसाची नंतर झाली

एप्रिल अर्धा झाला की दरवर्षी मोबाईलवर तोच मेसेज फिरायला लागतो, उष्णतेची लाट येणार, दुपारच्या वेळी बाहेर पडू नका, पडलात तर पाणी सोबत ठेवा, आणि मग शेवटी "छत्री, टोपी किंवा रुमाल वापरा". रुमाल तर आपल्याकडे सगळेच बांधतात, टोपीपण चालते, पण छत्री म्हटलं की लोक अडतात. आमच्या यवतमाळकडच्या गावात कोणी मे महिन्यात छत्री उघडून बस स्टॉपवर उभं राहिलं की पारावरून आवाज येतोच, "काहून गा भाऊ, आभाळ त साफ आहे, छत्री कायले काढली?" बाईने घेतली तर "मॅडम झाली" म्हणतात, माणसाने घेतली तर दिवसभर तोच विषय.

म्हणजे आपल्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या आहेत. एक, छत्री पावसाची वस्तू आहे, मिरगाच्या तोंडावर काढायची आणि दसरा-दिवाळीला खुंटीवर टांगून द्यायची. दोन, माणसाने उन्हात डोक्यावर सावली धरणं म्हणजे नखरे. दोन्ही समजुती छत्रीच्या इतिहासाशी जुळत नाहीत. छत्री निदान चार हजार वर्षं जुनी आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं ती उन्हासाठीच होती, आणि ती धरून घेणारे बहुतेक पुरुषच होते, तेही राजे. हे जरा सविस्तर सांगतो कारण विदर्भात उन्हाने माणसं मरतात आणि घरात खुंटीवर छत्री टांगलेली असते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात जुनी छत्री कोणाची?

आज ज्याला इराक म्हणतो तिथे सुमारे ४३०० वर्षांपूर्वी अक्कडचा सारगॉन नावाचा राजा होता. त्याच्या विजयाचा एक कोरीव दगड सापडला आहे, त्यात राजा पुढे चालतोय आणि मागून एक नोकर त्याच्यावर छत्री धरून येतोय. त्याच भागात पुढे असिरियन लोकांचं राज्य आलं, त्यांच्या निमरूद आणि निनवेच्या राजवाड्यांतल्या दगडी चित्रांत राजा रथात उभा आहे आणि त्याच्यावर झालर लावलेली छत्री आहे. इराणमध्ये पर्सेपोलिसला, म्हणजे साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी, पुन्हा तेच दृश्य, राजा पुढे आणि नोकर मागे छत्री घेऊन. इजिप्तच्या चित्रलिपीत तर सावली दाखवायची असली की सावली धरायच्या साधनाचंच चित्र काढायचे.

आता हे सगळे देश बघा. इराक, इराण, इजिप्त, कोरडे आणि तापणारे, पाऊस नावालाच. तिथे पावसासाठी छत्री शोधायचं कोणाला काही कारणच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी की या कुठल्याच चित्रात राजाने स्वतः छत्री धरलेली नाही, ती धरायला वेगळा माणूस आहे. ती वस्तू सावली तर देतच होती पण त्याहून जास्त ती दुरून दिसत होती, गर्दीत राजा कुठे आहे ते लगेच कळायचं. आपल्याकडे मधली कितीतरी वर्षं गाडीवरचा लाल दिवा जे काम करत होता तेच काम तेव्हा छत्री करायची, दिवा दिसला की आतला माणूस न बघताही लोक बाजूला व्हायचे, तसंच छत्री दिसली की वाकायचं.

छत्री अमुकच माणसाने शोधली असं मात्र सांगता येत नाही. मोठं पान डोक्यावर धरणं कोणालाही सुचेल, त्यामुळे ती बऱ्याच ठिकाणी आपापली तयार झाली असावी.

आपल्याकडे छत्रीची गोष्ट माहूरच्या रेणुकेची आहे

पैनगंगेच्या पल्याड माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आपल्याकडून घरटी कोणी ना कोणी जाऊन आलेलं असतं, पण छत्रीची गोष्ट तिचीच आहे हे फार जणांना माहीत नसतं. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्माला विचारतो की श्राद्धात छत्री आणि पादत्राणं का दान करतात, तेव्हा भीष्म ही गोष्ट सांगतात. जमदग्नी ऋषी बाण मारायचा सराव करत होते आणि रेणुका ते बाण धावत जाऊन आणून देत होती. ज्येष्ठाचा महिना, दुपारची वेळ, डोकं आणि पाय दोन्ही भाजायला लागले म्हणून ती घटकाभर झाडाच्या सावलीत थांबली आणि तिला उशीर झाला. कारण कळल्यावर जमदग्नी सूर्यावरच चिडले आणि त्याच्यावर बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला, त्यांना शांत केलं, आणि डोक्यासाठी छत्री व पायासाठी चामड्याच्या वहाणा दिल्या.

या कथेत छत्री पावसासाठी आलेली नाही. ज्येष्ठातल्या उन्हात काम करणाऱ्या एका बाईचं डोकं भाजतंय म्हणून छत्री आली, आणि हे ज्यांनी लिहिलं त्यांना ऊन चांगलंच माहीत असणार. आजही कित्येक घरी तेरवीला छत्री आणि चप्पल दान देतात, त्याच्यामागे हीच कथा आहे, मेलेल्या माणसाची पुढची वाट उन्हाची समजतात.

बुद्धाच्या बाबतीतही छत्रीचं मोठं काम आहे. सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती कोरत नव्हते, तर तो तिथे आहे हे दाखवायचं कसं? सांचीच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून निघाला तो प्रसंग कोरलाय, त्यात घोडा रिकामा चाललाय आणि घोड्याच्या वर छत्र धरलेलं आहे, बस, समजायचं की तो बसलाय. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या डोक्यावर एकावर एक तीन दगडी छत्रं आहेत. आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप त्याच सांचीच्या धर्तीवर बांधलाय. जैन तीर्थंकरांच्या मूर्तीवरही तीन छत्रं असतात, जैन मंदिरात गेलात तर मान वर करून बघा.

राजांकडे परत आलो तर गुप्त घराण्याच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची सोन्याची नाणी आहेत, त्यातल्या एका प्रकारात राजा वेदीवर आहुती देतोय आणि एक बुटका सेवक त्याच्यावर छत्र धरून उभा आहे. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता आपल्या विदर्भात सून म्हणून आली, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी, आणि नवरा गेल्यावर रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनमधून, तिने लहान मुलाच्या नावाने राज्य चालवलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत छत्र कसं असावं यावर वेगळं प्रकरणच लिहिलंय, पिसं कोणत्या पक्ष्यांची, वरचं कापड पांढरं, दांडा केवढा, राजाचा लांब आणि बाकीच्यांचा त्याहून आखूड. म्हणजे छत्रीच्या दांड्यावरून माणसाची पायरी ठरत होती. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करून घेतला तेव्हा डोक्यावर छत्र धरलं गेलं ते याच जुन्या रिवाजातून, आणि देवाच्या पालखीवर छत्र धरतात तेही तिथूनच आलं.

आपल्या देशाबाहेरही हेच चाललं होतं. ब्रह्मदेशाच्या राजाला चोवीस छत्र्यांचा स्वामी म्हणायचे, थायलंडच्या राजाचं छत्र आजही नऊ मजल्यांचं असतं.

मग साध्या माणसाला छत्री का मिळाली नाही?

एक तर महाग होती. पण दुसरं कारण जास्त वाईट आहे, मनाई होती. त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या दक्षिण केरळात, एकोणिसाव्या शतकापर्यंत नाडार आणि इळवा लोकांना आणि त्यांच्याही खाली ढकललेल्या जातींना छत्री धरायची, पायात वहाणा घालायची, सोन्याचे दागिने घालायची बंदी होती. विचार करा, केरळसारखा ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर असलेला मुलूख, आणि दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या माणसालाच सावली मना. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला नाही आणि जो माडीवर बसून आहे त्याच्यासाठी धरायला नोकर. जिथे अशा बंद्या नव्हत्या तिथेही मोठ्या माणसासमोरून जाताना छत्री मिटायची हा मान ठेवायचा भाग असायचा, हे जुन्या माणसांना विचारलं तर आजही सांगतील.

मला वाटतं छत्री उघडताना आजही जो संकोच होतो त्याचं मूळ इथे आहे. "हा कोण मोठा साहेब लागून गेला?" हा प्रश्न आपोआप आलेला नाही, हजारो वर्षं छत्री खरंच फक्त साहेबाची होती.

"बायकांची वस्तू" हे म्हणणंही जुनं आहे. ग्रीसमध्ये उन्हाची छत्री बायका वापरायच्या आणि अडीच हजार वर्षांपूर्वी अनाक्रिऑन नावाच्या ग्रीक कवीने आर्टेमोन नावाच्या एका माणसाला हिणवताना लिहिलं की हा बायकांसारखी हस्तिदंती छत्री घेऊन फिरतो.

पावसात छत्री कधी गेली?

इथे चीनचं नाव घ्यावं लागतं. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ काशाचा रथ सापडला, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात छत्री बसवलेली आहे, तीही उन्हाचीच म्हणायची. पण नंतर चीनमध्ये बांबूच्या काड्यांवर कागद ताणून त्याला तेल द्यायची रीत आली, तेल सुकलं की कागदावर पाणी थांबत नाही. मिटणारी छत्रीही तिथे फार लवकर झाली, इसवी सन २१ मध्ये वांग मांग नावाच्या सम्राटासाठी रथावरची मिटणारी छत्री बनवल्याची नोंद आहे.

युरोपात पावसाचा कंटाळा जास्त तरी छत्री उशिरा आली. १७५० च्या सुमारास लंडनमध्ये जोनास हॅनवे नावाचा व्यापारी, जो इराण-रशियाकडे व्यापारासाठी फिरून आलेला होता, तो पावसात छत्री घेऊन रस्त्याने चालायला लागला. लोक हसायचे, पोरं मागे लागायची, आणि सगळ्यात जास्त चिडायचे ते घोडागाडीवाले, कारण पाऊस आला की लोक गाडीत बसतात हाच त्यांचा धंदा. हा माणूस कोणाचं न ऐकता सुमारे तीस वर्षं छत्री वापरत राहिला, १७८६ मध्ये वारला, आणि तोपर्यंत लंडनच्या पुरुषांच्या हातात छत्री दिसायला लागली होती. म्हणजे पावसातली छत्रीसुद्धा एकेकाळी पुरुषाला हसण्याचंच कारण होती.

तेव्हाच्या युरोपातल्या छत्र्या जड होत्या. काड्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या किंवा लाकडाच्या, कापड तेल दिलेलं, भिजलं की आणखी जड, आणि सारखं भिजून-सुकून काड्या तडकायच्या. हे सुटलं १८५२ मध्ये. इंग्लंडात शेफिल्डजवळ सॅम्युअल फॉक्स याचा पोलादी तारांचा कारखाना होता, त्याने पातळ पोलादाची पट्टी दोन्ही कडांनी वर वळवून नाळीसारखी काडी केली. सपाट पट्टी लगेच वाकते पण कडा वळवल्या की तीच पट्टी ताठ होते आणि वजन काही वाढत नाही. तुमच्या घरची लांब काळी छत्री उघडून आतून बघा, बहुतेक तशीच नाळीची काडी दिसेल. पावणेदोनशे वर्षांत या भागात फारसा बदल झालेला नाही. पुढे १९२० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हान्स हाऊप्ट याने पिशवीत मावणारी घडीची छत्री केली, मग नायलॉन आलं, आणि छत्री खरोखर स्वस्त झाली.

आपल्या गावात ती पावसाचीच का झाली?

मुंबईत १८६० पासून छत्र्यांची कंपनी आहे, इब्राहिम करीम यांची. हाच तो काळ जेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडचा कापूस धडाधड विलायतेला जायला लागला आणि रेल्वे इकडे आली. काळी कापडी छत्री गावात आली ती आधी मास्तर, पटवारी, सावकार अशांच्या हातात. शेतकऱ्याकडे पावसाला घोंगडी होती नाहीतर पोत्याचा एक कोपरा आत दुमडून केलेली खोळ होती, आणि उन्हाला डोक्यावर धोतराचा नाहीतर लुगड्याचा पदर. पुढे छत्री परवडायला लागली तेव्हा घरात एकच असायची, ती जपायची म्हणून फक्त पावसात काढायची, उन्हात कापड विटते म्हणून ठेवून द्यायची. बाजाराच्या दिवशी काड्या बदलून देणारा बसायचा तोसुद्धा मे महिन्याच्या शेवटी, पावसाची तयारी म्हणून. अशी दोन-तीन पिढ्यांत छत्री उन्हातून पूर्ण बाहेर गेली.

४५ डिग्री म्हणजे नेमकं कुठलं ४५?

हे समजलं की छत्रीचा उपयोग आपोआप समजतो. बातम्यांत चंद्रपूर ४६, नागपूर ४५ असं सांगतात ते तापमान सावलीतलं असतं. हवामान खातं थर्मामीटर उन्हात ठेवत नाही, पांढऱ्या रंगाच्या, हवा खेळती राहील अशा झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतं. म्हणजे ४५ ही फक्त हवेची गरमी झाली. तुम्ही उघड्यावर उभे राहिलात की त्याशिवाय सूर्याची किरणं थेट अंगावर पडतात ती वेगळी, आणि तापलेल्या डांबरातून नाहीतर काळ्या मातीतून वर येणारी झळ वेगळी.

माणसाची कातडी साधारण ३५ डिग्रीच्या आसपास असते. हवा तिच्यापेक्षा गार असेल तर अंगातली गरमी हवेत जाते. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच जास्त गरम, त्यामुळे गरमी उलटी अंगात येते आणि शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. घाम वाळताना अंगाची गरमी घेऊन जातो. आपली हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो, म्हणून आपल्याला घाम आला असं वाटतही नाही, पण पाणी मात्र भराभर कमी होत असतं, आणि पाणी संपलं की मग ऊन लागतं, म्हणजे उष्माघात.

छत्री हवा गार करत नाही, जमिनीची झळही थांबवत नाही. ती फक्त थेट पडणारी किरणं अडवते, पण दुपारी तोच मारा मोठा असतो. तो अडला की घाम कमी लागतो, पाणी जास्त वेळ पुरतं.

काळी छत्री उन्हात तापते, मग पांढरी बरी ना?

काळं कापड तापतं हे खरं आहे. पण ते डोक्याला चिकटलेलं नसतं, मधे हातभर हवा असते आणि ती वाहत असते. पातळ पांढऱ्या कापडातून उजेड खाली गळतो, काळ्यातून फार कमी गळतो. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात २०१३ मध्ये हातातल्या साध्या छत्र्या तपासल्या होत्या, अतिनील किरणं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी पण कातडी जाळणारी किरणं, सगळ्या छत्र्यांनी निदान ७७ टक्के अडवली आणि काळ्यांनी ९० टक्क्यांच्या वर. आतून काळी आणि बाहेरून चांदीसारखा लेप असलेली मिळाली तर अजून चांगलं, पण नवीन घ्यायला पैसे नसतील तर घरातली पावसाची काळी छत्रीच काढा.

रुमाल बांधला की झालं ना?

रुमाल सोडू नका. कानात लू जात नाही, आणि ओला करून बांधला तर वाळेपर्यंत डोकं खरंच गार राहतं. पण कोरडा रुमाल स्वतः तापतो आणि तो डोक्यालाच लागून असतो, शिवाय खांदे आणि पाठ उघडीच राहते. रुमाल आणि वरून छत्री असं दोन्ही असेल तर फरक पाच मिनिटांत कळतो. एक मात्र, टू व्हीलरवर मागे बसून छत्री उघडू नका, आपल्याकडे बाया लेकरू घेऊन असं बसतात, वारा छत्रीत भरतो आणि तोल जातो.

शेतात दोन्ही हात कामात, छत्री कोण धरणार?

बरोबर आहे, निंदणात किंवा वेचणीत छत्री चालत नाही आणि असा सल्ला देणाऱ्याने शेत पाहिलेलं नसतं. पण कामाशिवायचा उन्हातला वेळ मोजा. बस स्टॉपवरचा, रेशन दुकानाच्या लाईनीतला, बँकेबाहेरचा, शाळेतून पायी येणाऱ्या लेकरांचा, बकऱ्या राखणाऱ्याचा, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईचा. तिथे हात मोकळा असतो. रोजगार हमीच्या कामावर सावलीची सोय करणं नियमातच आहे, ती मागितली पाहिजे. आणि पुरुषांनी लाजू नये एवढ्यासाठी जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये पुरुषांना उन्हाची छत्री वापरा म्हणून प्रचार केला, तिथेही हीच अडचण होती.

विजेचं काय?

ही शंका योग्य आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन आणि संध्याकाळी वादळ असं आपल्याकडे बरेचदा होतं. मोकळ्या शेतात उघडी छत्री धरली की तुम्ही उंच होता, आणि वीज उंच गोष्टीवर आधी पडते. म्हणून गडगडाट ऐकू आला की छत्री मिटायची, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि जवळच्या पक्क्या घरात जायचं, भिजलं तरी चालेल.